चार नंबरचं नाक

तिच्या घरात गेल्या बावीस वर्षांत वासाचा साबण आलेला नाही. कपड्यांची पावडर बिनवासाची, केसांना नुसतं पाणी, न्हाणीघरात फिनेल नाही. नवरा छापखान्यात काम करतो. संध्याकाळी आला की शर्ट मागच्या गॅलरीत दोरीवर टाकतो आणि मगच घरात शिरतो, कारण शाईचा वास. ही शिस्त नवी होती तेव्हा तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्याकडे चोर आला तर चालेल, पण अत्तर लावून आला तर त्याची धडगत नाही." पुढे पाहुणे कमी झाले आणि विनोदही.

ती वाइनच्या कारखान्यात वास घ्यायला होती. लोकांना हे ऐकून हसू येतं. नात्यातल्या लग्नांत तिला हमखास कोणीतरी विचारायचं, "म्हणजे दिवसभर पिऊन बसायचं आणि वर पगार?" ती शांतपणे सांगायची की प्यायचं नसतं, थुंकायचं असतं. त्यावर विषय संपायचा.

कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली आहे. भिंती राखाडी, खिडक्या कायमच्या बंद, आणि भिंतीला लागून बारा कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक फळी, थुंकायचा वाडगा, पाण्याचा पेला, बिनमिठाची दोन बिस्किटं आणि डोक्यावर तांबडा दिवा. दिवा तांबडा अशासाठी की वाइनचा रंग ओळखू येऊ नये. रंग दिसला की नाक त्याचं ऐकतं. समोरच्या झडपेतून काचेची झाकणं ठेवलेले पेले आत येतात. पेल्यांवर नाव नसतं, तीन आकडे असतात. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा आणि कागदावरच्या अठरा शब्दांपुढे शून्य ते नऊ यांतला एकेक आकडा लिहायचा. लिंबाची साल, मध, गवत, लवंग, करपट, कुबट, असे ते शब्द. कागदावर लिहिणाऱ्याचंही नाव नसतं, फक्त कप्प्याचा नंबर. त्यामुळे बोलण्यातही नंबरच रूढ झाले. ती चार नंबर. तिची सख्खी धाकटी बहीण सात नंबर. पूर्वी खाली पिंपांवर काम केलेला आणि सगळ्यांची खोडी काढणारा एक गृहस्थ, तो अकरा नंबर.

चार नंबर या खोलीत खालच्या कामावरून वर आली होती. सुरुवातीला ती याच मजल्याच्या टोकाला पेले धुवायची. एकदा तिने तेव्हाच्या रसायनतज्ज्ञांना सांगितलं की डावीकडच्या कपाटातल्या पेल्यांना फडक्याचा वास येतो. त्यांनी हसून सोडून दिलं, मग स्वतः हुंगून पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे तीन पेले ठेवले. दोन सारखे, एक निराळा. निराळा कोणता ते सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनदा सांगितलं तर एकदा बरोबर येतं. तिचं नऊपैकी नऊ वेळा बरोबर आलं. महिन्याभरात तिला कप्पा मिळाला. शिक्षण दहावी.

एक वास तिला येत नाही. काही तांबड्या वाइनला काळ्या मिरीचा वास असतो. पाचातल्या एका माणसाला तो जन्मतःच येत नाही आणि ती त्या एकात आहे. हे तिने पहिल्याच महिन्यात स्वतःहून सांगितलं होतं. मिरीच्या रकान्यात ती अंदाजाने आकडा भरत नसे, आडवी रेघ मारत असे. बावीस वर्षांच्या तिच्या सगळ्या कागदांवर ती रेघ आहे.

तळमजल्यावर एक यंत्र आहे. वाइनवरची हवा सुईने ओढून त्यात सोडतात. आत केसासारखी बारीक, तीस मीटर लांब नळी वेटोळं करून ठेवलेली असते. ती हळूहळू तापते तसे वासाचे घटक सुटे होऊन आपापल्या वेळेला बाहेर पडतात. टोकाला नळीला दोन फाटे फुटतात. एक मोजणीकडे जातो आणि कागदावर रेषा उमटते. दुसरा काचेच्या नरसाळ्यात उघडतो, आणि त्या नरसाळ्यावर नाक ठेवून चार नंबर बसायची. चाळीस मिनिटं, मध्ये उठायचं नाही. वास आला की बटण दाबायचं आणि शब्द बोलायचा. उकडलेला कोबी. लोणी. केळं. कापलेलं गवत. गुलाब. लवंग. रेषेवर ज्याचा डोंगर दिसतो त्याला पुष्कळदा वासच नसतो, आणि जिथे रेषा सपाट असते तिथे नाकाला काहीतरी ठसठशीत येऊन जातं. काही द्रव्यांच्या बाबतीत माणसाचं नाक यंत्राच्या पुढे आहे, ही गोष्ट त्या इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ होती. पाहुण्यांना कारखाना दाखवताना तर ती आवर्जून सांगितली जायची.

बहिणीला तिनेच या कामात आणलं. सात महिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाट्या झाकून ठेवून शिकवलं. एका वाटीत लवंग, एकीत ओला पुठ्ठा, एकीत जळलेला पाव. धाकटी वैतागायची. "ताई, मला नोकरी करायचीय, शिकारी कुत्रं नाही व्हायचंय." पण नाक चांगलं होतं. तिला सात नंबर मिळाला तो हंगामी, आणि कित्येक वर्षं तसाच, दर वर्षी नव्याने लिहून घेतलेला.

आई दहा तासांच्या अंतरावर एकटी राहायची. ती न्हाणीघरात घसरून पडली आणि खुबा मोडला. दोघींपैकी एकीने जायला हवं होतं. धाकटी म्हणाली, "तू जा. तुझं कायम आहे, तुला कोण काढतंय? माझं हंगामी. मी तीन महिने गेले तर कप्प्यात दुसरी बसलेली असेल." यात खोटं काही नव्हतं. ताई गेली. तीन महिने तिने आईला उठवलं, बसवलं, चालवलं. आई घरभर औषधी मलम लावून फिरायची. ताईने नाकाची पर्वा सोडून दिली होती. परत आली तेव्हा बहीण कायम झालेली होती.

पहिल्या दिवशी सकाळी जिन्यातच अकरा नंबर भेटला. "आलात? आई कशी आहे? तुम्ही नव्हतात तर आम्हाला शिव्या द्यायला कोणी नव्हतं."

"चालतेय आता काठीवर," ती म्हणाली आणि खोलीच्या दारात थांबली. "इथे पाणी शिरलं होतं का?"

"नाही बुवा."

"मग हा वास कसला?"

"कसला?"

खोली कुबट होती. बंद तळघरात ओला पुठ्ठा आठवडाभर पडून राहावा, तसा वास. भिंतीला होता, खुर्चीच्या पाठीला होता. पहिली बैठक सुरू झाली. दर बैठकीच्या आधी सगळ्यांना एकाच बाटलीतली वाइन देतात, तिला प्रमाण बाटली म्हणतात. तराजूचा काटा आधी शून्यावर आणावा, तसं नाक आधी तिच्यावर जुळवायचं. प्रमाण बाटलीत कुबट वास शून्य, हे ठरलेलं असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवतात. चार नंबरने पेल्यावरचं झाकण उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. आणि कुबटच्या रकान्यात सहा लिहिलं.

दुपारी तिला पॅनेलप्रमुखांनी, म्हणजे या बारा नाकांच्या प्रमुखांनी, बोलावलं. हे तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, रसायनशास्त्रातली मोठी पदवी घेऊन आलेले, वागायला सभ्य. अकरा नंबरने त्यांचं नाव सरासरीसाहेब ठेवलं होतं, कारण त्यांचं कुठलंही वाक्य सरासरीवर येऊन थांबायचं.

"ताई, प्रमाण बाटलीला सहा?"

"हो."

"प्रमाण बाटली म्हणजेच शून्य. शून्याला सहा कसे देता?"

"ती शून्य राहिलेली नाही, साहेब. खोलीही नाही. जिन्यापासून वास येतोय."

"बाकीच्या अकरा जणांना येत नाही."

"त्यांना सवय झालीय. मलाही झाली असणार. जायच्या आदल्या आठवड्यात मीसुद्धा शून्यच लिहिलंय."

"म्हणजे तेव्हा तुमचं नाक चुकत होतं आणि आता बरोबर आहे. आणि हे मी कशावरून मानायचं? उलटंही असू शकतं."

तिने वर्षभराचे कागद मागितले. फळांच्या वासाचे आकडे महिन्यामहिन्याने खाली आले होते. सहावरून साडेपाच, पाच, चार. हा कुबट वास स्वतः जेवढा येतो त्याहून जास्त तो बाकीचे वास दाबतो. साहेब म्हणाले, पीकच यंदा फिकं आहे. ती म्हणाली, पीक यंदाचं, पण प्रमाण बाटली तर जुनी आहे, तिची फळं का गेली? साहेबांकडे त्याचंही उत्तर होतं. "बाटलीतसुद्धा वाइन म्हातारी होते, ताई."

मग त्यांनी नियम सांगितला. नियम तिला माहीत होता, त्याचा मसुदा करताना ती हजर होती. ज्याचे आकडे लागोपाठ तीन बैठकांत सरासरीपासून दोनापेक्षा जास्त लांब पडतील, त्याचा कप्पा काढून घ्यायचा. नोकरी राहते. काम बदलतं. तिच्या हुद्द्याच्या माणसासाठी त्या मजल्यावर एकच दुसरं काम होतं, पेले धुण्याचं. पन्नासाव्या वर्षी ती पुन्हा त्याच मोरीवर उभी राहिली असती, आणि झडपेच्या पलीकडे बहीण खुर्चीवर बसली असती.

रविवारी ती बहिणीकडे गेली. बहिणीचा कामाचा कोट स्वयंपाकघराच्या दारामागे टांगलेला होता. ताईने तो नाकाशी धरला.

"कोटालाही येतोय."

"काय येतंय?"

"कुबट. तू आठ दिवस रजा घे. बाहेरगावी जा कुठेतरी, कारखान्याच्या आसपास फिरकू नकोस. मग येऊन एकदा वास घे. एवढंच कर."

"मी कायम होऊन दोन महिने झालेत, ताई. आत्ताच रजा?"

"माझा कप्पा जातोय."

"मग दे ना शून्य! सगळे देतायत. तुझं एकटीचंच नाक सोन्याचं आहे का?"

"मला सहा येतोय तर शून्य कसं लिहू?"

"आणि मला शून्य येतोय तर तुझ्यासाठी सहा लिहू?" धाकटीने कोट तिच्या हातातून ओढून घेतला. "वर माझ्या घरात येऊन माझ्या कपड्यांना वास येतो म्हणतेस. धुतलाय कालच."

चहा न घेता ताई परतली. त्यानंतर दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलत.

दुसऱ्या बैठकीत तिने पुन्हा सहा लिहिलं आणि यंत्राची मागणी केली. साहेबांनी ती मान्य केली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. प्रमाण बाटलीतला नमुना यंत्रात गेला. ती नरसाळ्यावर बसली, साहेब रेषेजवळ उभे राहिले. कोबी, लोणी, केळं. गवत येऊन गेलं. गुलाब यायला थोडा वेळ होता. तेवढ्यात चोविसाव्या मिनिटाला तिने बटण दाबलं. "कुबट."

साहेबांनी कागद पाहिला. रेषा सपाट होती.

पुन्हा नमुना, पुन्हा चाळीस मिनिटं. पुन्हा चोविसावं मिनिट, पुन्हा बटण. रेषा सपाटच.

"कागदावर काही नाही, ताई."

"कागदाला दिसणार नाही. हे द्रव्य एवढ्या कमी प्रमाणात असतं की आपल्या यंत्राची तेवढी पोच नाही. तुम्हीच पाहुण्यांना सांगता की."

"सांगतो. आणि पुढे असंही सांगतो की म्हणूनच आपण एका नाकावर अवलंबून राहत नाही, बारा ठेवतो."

"बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा."

"त्यासाठी कारण लिहावं लागतं. दूषित असल्याचा संशय, असं मी लिहिलं की या हंगामाचा सगळा माल जागच्या जागी थांबतो. आणि आधाराला काय? अकरा विरुद्ध एक. ते एक नाकही असं, की ज्याला मिरी येत नाही."

मिरीचा दाखला त्यांनी मुद्दाम बोचायला दिला असेल असं नाही. पण तो दिला गेला.

साहेबांनी मधला मार्ग काढला. तिसऱ्या बैठकीऐवजी तीन आठवड्यांची फेरजुळणी. लांब रजेवरून आलेल्या माणसाला तशी सवलत होती. रोज पूर्ण वेळ त्या खोलीत बसायचं, दिवसातून चाळीस वेळा प्रमाण बाटलीचा वास घ्यायचा, आकडे वहीत लिहायचे. तीन आठवड्यांनी आकडा सरासरीला आला तर कप्पा कायम.

यात काय होणार हे त्या इमारतीत तिच्याइतकं नीट कोणालाच ठाऊक नव्हतं. नव्या लोकांना तीच शिकवत असे, की नाक पहारेकऱ्यासारखं आहे, नवा माणूस दिसला की ओरडतं आणि रोजचा झाला की बघतही नाही. एका वासात सतत बसलं की तो वास नाहीसा होतो. वास जात नाही, नाक त्याचा नाद सोडतं. म्हणून दर तासाला बाहेर पडून मोकळ्या हवेत दहा मिनिटं उभं राहा, असं ती प्रत्येकाला बजावायची.

पहिले पाच दिवस तिने स्वतःही ते पाळलं. तासातासाला खाली जाऊन माल चढवायच्या फलाटावर उभी राही, डबा तिथेच खाई. वहीत पाच दिवस सहा, सहा, सहा, साडेपाच, सहा असे आकडे आहेत.

शुक्रवारी घरी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गॅलरीतून शर्टाशिवाय आत येत होता. त्याने ऐकून घेतलं.

"मग होऊ दे की सवय," तो म्हणाला. "बाकीच्यांना झालीच आहे ना? नाक तुझं, पण खुर्ची त्यांची."

"आणि माल तसाच जाईल?"

"तू अडवलास का कधी माल आजवर? तू आकडे लिहितेस. अडवणारे वेगळे." मग जरा थांबून, "मोरीवर उभी राहणार आहेस का? पाठ चालेल तुझी?"

सोमवारी ती फलाटावर गेली नाही. डबा कप्प्यातच उघडला. तासातासाला बाहेर जायला कोणी मना केलं नव्हतं आणि ती दहा मिनिटंही आतच बस असं कोणी सांगितलं नव्हतं. ती बसली. मंगळवारी पाच. गुरुवारी चार. पुढच्या सोमवारी अडीच. बावीस वर्षांची सवय म्हणून ती आकड्यापुढे शेराही लिही : "दुपारनंतर जाणवत नाही." "सकाळी दारात जाणवला, बसल्यावर गेला." "आज डबा आतच." तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी दारातही काही आलं नाही. तिने शून्य लिहिलं आणि पुढे लिहिलं, "वास न येणे. वास नसणे असे म्हणता येणार नाही." ती वही नियमाप्रमाणे तिने कार्यालयात जमा केली. साहेबांनी शेवटच्या पानावरचा आकडा पाहून सही केली. शेरे वाचले नाहीत, असं त्यांनी नंतर सांगितलं, आणि ते खरं असावं.

अकरा नंबरने बिनमिठाच्या बिस्किटांचा पुडा फोडून सगळ्यांना वाटला. "चार नंबर पुन्हा माणसांत आल्या. सरासरीसाहेब, आज तरी मीठ मंजूर करा!" सगळे हसले. धाकटीने ताईच्या खांद्यावर हात ठेवला. "बघ, उगाच जिवाला लावून घेतलंस. तीन महिने आईचं मलम हुंगून नाक बिथरलं होतं, एवढंच."

"असेल," ताई म्हणाली.

आठवड्याने हंगामाचा माल पॅनेलपुढे आला. कुबट, सरासरी शून्य. बारा सह्या झाल्या आणि माल परदेशी रवाना झाला.

दहा आठवड्यांनी परत आला. तिकडच्या खरेदीदाराने पहिल्या तीन पेट्या फोडल्या आणि चौथी फोडलीच नाही. त्यांच्या प्रयोगशाळेच्या अहवालात आकडा होता : वीस कोटी लिटरमध्ये एक ग्रॅम, इतकं ते द्रव्य. बुरशी, लाकूड आणि क्लोरीन एकत्र आले की ते तयार होतं. दीड वर्षापूर्वी कोठारातल्या लाकडी मांडण्या बुरशी आली म्हणून ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन काढल्या होत्या. स्वच्छता म्हणूनच. तिथून ते हवेत गेलं, हवेतून पिंपांत, बुचांत, वरच्या खोलीत, आणि त्याच मांडण्यांवर ठेवलेल्या प्रमाण बाटल्यांत.

मुख्य कार्यालयातून चौकशीला एक बाई आल्या. खोलीच्या दारात त्यांनी नाकाला रुमाल लावला. "तुम्ही लोक इथे बसता कसे?" त्यांनी विचारलं. बारा जण एकमेकांकडे बघत राहिले. कोणालाच काही येत नव्हतं. तिलाही नाही.

चौकशी चार दिवस चालली. अकरा जणांची जबानी जवळपास एकच होती : आम्हाला वास आला नाही. बाईंनी ती मान्य केली. नाकाला सवय होणं हा गुन्हा नाही, ती होऊ नये अशी व्यवस्था न ठेवणं ही प्रमुखांची चूक. साहेबांनी सरासरीचे तक्ते पुढे केले. मग बाईंच्या टेबलावर ती वही आली.

"ही तुमची?"

"हो."

"पहिल्या आठवड्यात सहा लिहिलंय. म्हणजे वास येत होता."

"येत होता. साहेबांना सांगितलं होतं. यंत्रावरही दोनदा बटण दाबलं."

"त्याची नोंद आहे. मग मालाच्या कागदावर शून्य लिहून सही केलीत."

"तेव्हा येत नव्हता."

"का येत नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं?"

तिने वहीकडे पाहिलं. "हो."

"बाकीच्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

"मी खोटा आकडा लिहिला नाही, बाई. जे आलं तेच लिहिलं."

"ते दिसतंय. पण वास यावा असं तुम्ही काही केलं नाहीत. उलट येऊ नये म्हणून बसून राहिलात. 'आज डबा आतच.' हे तुमचंच अक्षर ना?"

शेवटच्या दिवशी सात नंबरला पुन्हा बोलावलं. ताई बाहेर बाकावर बसली होती, दार पूर्ण लागलेलं नव्हतं. बाईंनी विचारलं, खोलीला आणि मालाला वास आहे, असं चार नंबरने तुम्हाला कधी खासगीत सांगितलं होतं का?

"हो," धाकटी म्हणाली. "घरी येऊन सांगितलं होतं. माझ्या कोटालाही येतो म्हणाली. तिला पक्कं ठाऊक होतं."

जबानीत ती वाक्यं तशीच आहेत. पाच महिन्यांपूर्वी हीच वाक्यं कोणी साहेबांसमोर उच्चारली असती तर अकरा विरुद्ध एकचं दहा विरुद्ध दोन झालं असतं. तेवढ्याने माल थांबला असता का, सांगता येत नाही. एक नमुना मात्र बाहेर गेला असता.

निकाल पंधरा दिवसांनी आला. साहेबांची दुसऱ्या कारखान्यात बदली, त्याच हुद्द्यावर. अकरा जणांना नाक मोकळं होण्यासाठी सहा आठवड्यांची भरपगारी रजा. मांडण्या जाळून टाकायच्या, खोलीच्या भिंती खरवडून काढायच्या. चार नंबरला कामावरून कमी. आदेशात कारण एका ओळीत दिलं आहे : दोषाची पूर्ण जाणीव असूनही संमती दर्शवली. त्या इमारतीतल्या ज्या एकाच माणसाला तो दोष दिसला होता, त्याच्याशिवाय हे कलम कोणाला लावताच आलं नसतं.

कप्पा रीतसर सोपवावा लागतो. पेल्यांचा संच, कागदावरच्या शब्दांचे नमुना-वास ठेवलेल्या संदर्भ-बाटल्या, कोट, दाराचं कार्ड, आणि बावीस वर्षांत तिने केलेल्या नव्या माणसांच्या शिकवणीच्या वह्या, एकोणीस. ताबा घ्यायला पॅनेलमधली अनुभवी व्यक्ती हवी होती आणि अनुभवाने दुसरी सात नंबर होती. दोघी फळीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. ताई एकेक वस्तू मोजून पुढे सरकवत होती. लवंगेच्या बाटलीचं बूच सैल झालं होतं, तिने ते दाबून बसवलं. "ही दर महिन्याला बदल. उडून जाते," ती म्हणाली.

धाकटीने मान हलवली. मग म्हणाली, "ताई, मी खोटं काही बोलले नाही गं."

"नाहीच बोललीस."

"मग?"

"मग काय? एकोणीस वह्या आहेत. मोजून घे आणि पावतीवर सही कर. मला खाली जायचंय."